तेविसावं विवरणपत्र

भाग अ : सर्वसाधारण माहिती

तेवीस माणसांनी एकच खोटं सांगितलं होतं. बावीस पकडले गेले. तेविसावा कुमुदिनीताईंच्या जेवणाच्या टेबलाशी बसला होता आणि आपण का पकडले गेलो नाही ते शोधून द्या, म्हणून विनवत होता.

नाव : कमलेश. वडिलांचं नाव : कै. हरिचंद्र. वय : छत्तीस. राहणार : खरवई, बदलापूर. नोकरी : अंबरनाथच्या एमआयडीसीत, रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर. वार मंगळवार, महिना डिसेंबर, वेळ सकाळची अकरा.

कुमुदिनीताई चौसष्ट वर्षांच्या. रंगाच्या कारखान्यात हिशेबखात्यातून निवृत्त झाल्या आणि अंबरनाथ पूर्वेतल्या आपल्या दुसऱ्या मजल्यावर लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देऊ लागल्या. सप्टेंबरात पुण्याला बहिणीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेल्या तेवढा एक आठवडा सोडला, तर हे टेबल वर्षभर उघडंच होतं. फी किरकोळ. लोकच काही ना काही आणून ठेवत. पोस्टातल्या गृहस्थांनी दिलेली लोणच्याची बरणी अजून संपली नव्हती.

आलेल्या माणसाची पहिली चौकशी करायचं काम त्यांचे यजमान श्यामकांत करत. गाव कुठलं, घरात कोण कोण, पीएफ किती कापतात, सगळं. त्या दिवशी मात्र कमलेशने आपलं नाव-गाव सांगितलं आणि श्यामकांत पिशवी घेऊन उठले.

"भाजी संपलीय," ते म्हणाले.

खाली सोसायटीच्या वहीत बाहेरच्या माणसांनी नोंद करायची असते. श्यामकांत राहणारे असून करत. बाहेर, अकरा वाजून सात मिनिटं, कारण भाजी.

"माझ्याबद्दल कुणाकडून कळलं तुम्हाला?" ताईंनी विचारलं.

"आई बोलली. अंबरनाथला एक बाई आहेत, हुशार आहेत, त्यांच्याकडे जा."

"मग सांगा."

कमलेशने सांगितलं ते असं. त्याचा मामेभाऊ हितेश उल्हासनगरात ऑफिस टाकून बसला होता. फॉर्ममध्ये एका ट्रस्टला चाळीस हजार दान दिलं असं लिहायचं, की कापलेल्या करातले आठेक हजार परत येतात. पंधराशे हितेशचे. ना ट्रस्ट कुणी पाहिला, ना दान कुणी दिलं. कमलेशने आधी स्वतःचं करून घेतलं, मग कारखान्यातले बावीस जण भावाकडे नेले. मागच्या आठवड्यात सगळ्यांना आयकर खात्याचा मेसेज आला : आपण दाखवलेलं दान संशयास्पद आहे, एकतीस डिसेंबरच्या आत विवरणपत्र सुधारा.

"सगळ्यांना?"

"मी सोडून."

"बरं झालं की."

"काय बरं, मॅडम? कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कोण बसत नाही. बोलतात, भाऊ तुझा, स्कीम तुझी, आम्हाला ढकललंस आणि स्वतःचं गुपचूप साफ करून घेतलंस. एक जण तर बोलला, यानेच खबर दिली. आणि मिलिंदने जोडी तोडायला अर्ज दिलाय."

"जोडी म्हणजे?"

"रिॲक्टरवर दोघं असतात. तो वरून सांगतो, व्हॉल्व्ह बंद आहे. मी ते खरं मानून खाली हात घालतो. चौदा वर्षं झाली, एकदाही वर बघितलं नाही मी. आता तो बोलतो, जागा बदलली तर याच्या शब्दावर मी हात घालणार नाही." त्याने आपले दोन्ही हात टेबलावरून खाली घेतले. "शुक्रवारी आमची सुट्टी. सगळे त्याच्या घरी जमणार, हेंद्रेपाड्याला. मला जाब द्यायचाय. आणि मला खरंच माहीत नाही, मॅडम."

मूळ की सुधारित? (लागू असेल तिथे खूण करा)

ताईंना कोडं सोपं वाटलं. मोबाइल नंबर चुकला असणार, मेसेज भलतीकडे गेला असणार. त्यांनी कमलेशच्या चिठ्ठीवरचा पासवर्ड टाकला आणि पोर्टल उघडलं.

विवरणपत्रं दोन होती.

एक जुलैतलं, हितेशने भरलेलं. दान चाळीस हजार.

दुसरं बारा सप्टेंबरचं. सुधारित. दान शून्य. खात्याकडून आलेले पैसे वरच्या थोड्या व्याजासकट सरकारजमा. पडताळणी पूर्ण.

"हे तुम्ही भरलंत?"

कमलेश खुर्चीतून अर्धा उठला. "नाही."

"पैसे?"

"नाही हो. माझ्याकडे होते कुठे? मी त्या पैशांचा आईला मिक्सर घेतला."

मित्रांचा संशय खरा होता. कमलेशचं विवरणपत्र खरोखरच कुणीतरी वेळेआधी धुऊन स्वच्छ ठेवलं होतं. फक्त ते कमलेशने केलं नव्हतं.

अनुसूची : हातचं अक्षर

पडद्यावरच्या फॉर्मला हस्ताक्षर नसतं असं लोक समजतात. ताई समजत नसत. कोण कुठला रकाना सोडतो, कोण कुठे घाई करतो, यावरून त्यांना माणूस दिसे.

कमलेश गेल्यावर त्यांनी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले.

हितेशचा फॉर्म : जेवढं अडतं तेवढंच भरलेलं. बाकी कोरं.

अनोळखी माणसाचा फॉर्म :

बचत खात्याचं व्याज, दोनशे बारा रुपये. लिहिलं आहे. त्याची वजावटही लिहिली आहे. करात फरक शून्य. तरी लिहिलं आहे.

पत्ता. गाव, पोस्ट, रस्ता आणि "विहिरीच्या वरच्या अंगाला." हे इंग्रजी अक्षरांत.

सक्तीचे नसलेले रकाने. सगळे भरलेले.

पैसे. रोख. बँकेच्या खिडकीवर, चलनाने.

बँकेची शाखा. चलनावरच्या आकड्यांवरून ताईंनी शोधली. बदलापूरची नव्हे. खरवईची तर नव्हेच. अंबरनाथ पूर्व. त्यांच्या खिडकीतून जिचा बोर्ड दिसतो ती.

लॉगिन आणि पडताळणी. दोन्ही आधारवरच्या ओटीपीने. म्हणजे कमलेशच्या आधारला जोडलेला फोन त्या वेळी त्या माणसाच्या हाताशी होता.

आणि एक गोष्ट कुठल्याच रकान्यात नव्हती. हा फॉर्म ताईंना ओळखीचा वाटत होता. ते दोनशे बारा रुपये बघताना तर आपणच भरलाय की काय असं त्यांना वाटलं. त्यांनी वही काढून पाहिली. नव्हता भरला.

"काय गं, जेवायचं नाही का?" श्यामकांतांनी विचारलं.

"कुणीतरी एका माणसावर मोठे उपकार केलेत," ताई म्हणाल्या, "आणि त्याच उपकारापायी त्याला वाळीत टाकलंय."

श्यामकांतांनी वाढलेली वालपापडी पुन्हा भांड्यात घातली आणि पुन्हा वाढली.

संशयित पहिला

बुधवारी ताई शेअर रिक्षाने उल्हासनगरला गेल्या. कॅम्प चारमध्ये पहिल्या मजल्यावर हितेशचं ऑफिस होतं. काचेच्या दारावर चार रंगांत त्याचं नाव होतं, आणि आत तो एकटा, मोबाइल पालथा ठेवून बसला होता.

"मी कमलेशकडून आले."

"तो पण ओरडायला पाठवतो का आता माणसं? बसा."

हितेश तिशीचा. दोन दिवसांची दाढी. समोरचा चहा गार झालेला.

"त्याचं रिटर्न तुम्ही सुधारलंत?"

"मी? मॅडम, मी सुधारलं असतं तर तेवीसच्या तेवीस सुधारले असते ना. बावीस जण रोज फोन करतात मला. सोसायटीत तोंड दाखवायची सोय नाही."

"एकाचंच केलं असेल. भाऊ म्हणून."

तो हसला, पण ते हसू नुसतं ओठांपुरतं. "त्याचा मेल आयडी मीच टाकलेला, माझाच. सप्टेंबरला मेल आला, सुधारित रिटर्न भरलं म्हणून. मी समजलो, कमलेशला अक्कल आली. फोन करणार होतो. मग वाटलं, विचारलं तर तो मला विचारेल, बाकीच्यांचं काय करतोस. म्हणून गप्प."

"भीती वाटली?"

"लाज वाटली. माझा बाप गेला तेव्हा मी नऊ वर्षांचा. आत्याने वाढवलं मला, कमलेशच्या आईने. त्याला एक वाटी तर मला पण एक वाटी. तिच्या पोराच्या गळ्यात मी हे बांधलं." त्याने मोबाइल उलटून पाहिला आणि पुन्हा पालथा घातला. "जो कोण आहे तो, त्याला माझ्याकडून हात जोडा. एकाला तरी काढलं त्याने."

ताईंनी त्याच्यावर विश्वास ठेवला. चेहऱ्यावरून नव्हे. सक्तीचा नसलेला रकाना या माणसाने जन्मात भरला नसता.

निघताना त्यांनी विचारलं, "ट्रस्टचा पत्ता खरा की तोही बनवलेला?"

"कॅम्प पाच. गाळा आहे. कुलूप आहे. पावत्या वरून कोणीतरी आणून द्यायचा. मी पण कधी आत गेलो नाही."

दान घेणाराचा पत्ता

कॅम्प पाचमधल्या त्या गल्लीत जीन्सच्या चेन आणि बटणं मिळत. ट्रस्टच्या गाळ्याचं शटर गंजून जमिनीला चिकटलं होतं. शेजारी नानिकराम नावाचे म्हातारे सिंधी दुकानदार वजनावर बटणं विकत होते.

"ट्रस्ट?" ते म्हणाले. "आप दूसरी हो."

"दूसरी?"

"इस साल में. पहली एक माई आई थी. दो-तीन महिने हुए. गणपती के बाद." त्यांचं मराठी सिंधी वळणाचं होतं आणि मध्येच हिंदीत घसरत होतं. "हातात पावती, कमरेला पैसे. रिक्षावाल्याला पावती दाखवून इथपर्यंत आली. मला बोलली, बाबा, दरवाजा कधी उघडणार, मला दान द्यायचंय."

ताईंच्या हातातली पिशवी हातातच राहिली. "द्यायचंय?"

"हां. मी बोललो, माई, इथे लेने वाला कोणी नाही. दस साल से ताला है. तिने तासभर वाट बघितली. पायरीवर बसून. मी पाणी दिलं. जाताना मला मुळ्याची जुडी देऊन गेली." नानिकरामांनी ताजवा पुसला. "पैंतीस साल हो गए इस गल्ली में. पैसे मांगणारे लय बघितले. बंद दुकानाला द्यायला आलेली एकच बघितली."

खोट्या दानाची पावती घेऊन कुणीतरी खरं दान द्यायला निघालं होतं.

संशयित दुसरी

गुरुवारी सकाळी ताई खरवईला पोचल्या. नव्या सात मजली इमारतींच्या मागे कमलेशचं कौलारू घर होतं, आणि खरंच, विहिरीच्या वरच्या अंगाला.

कमलेश कामावर होता. त्याची बायको नेत्रा शाळेच्या ऑफिसात जायला निघत होती. तिने ताईंना बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः उभीच राहिली.

"तुम्ही केलंत का?" ताईंनी सरळ विचारलं.

"मी केलं असतं तर नवऱ्याला चार दिवस उपाशी झोपू दिलं असतं का? जेवत नाहीत ते." तिने केसांना क्लिप लावली. "आणि मी बँकेत रांग लावणार? मी यूपीआयने भरून मोकळी झाले असते."

"आधारला कुठला नंबर आहे त्यांच्या?"

"जुना."

"तो फोन कुठे आहे?"

नेत्राचा हात क्लिपवर थांबला. "सासूबाईंकडे. नवीन फोन घेतला तेव्हा जुना सिमसकट त्यांना दिला. त्यांना फक्त हिरवं बटण माहीत आहे. पण आकडे वाचतात हां. भाजीचा हिशोब तोंडपाठ असतो."

"कुठे आहेत त्या?"

"सासूबाई सकाळच्या इथे सापडायच्या नाहीत. मोतीबाई म्हणून विचारा बाजारात. मळ्यातली भाजी घेऊन जातात, विकून एक वाजता येतात."

"बदलापूरला?"

"नाही, इथे सगळे घरचेच, फुकट मागतात. त्या अंबरनाथला बसतात. पूर्वेला, त्या बँकेच्या बाजूच्या गल्लीत. कुठल्यातरी बिल्डिंगच्या खाली. तिथले एक साहेब रोज जास्तच भाजी घेतात, म्हणून जागा सोडत नाहीत."

ताई उठल्या. पाण्याचा पेला तसाच राहिला.

संशयित तिसरा : नाते (पती / पत्नी / इतर)

श्यामकांत वालपापडी सोलत होते. ताईंनी पर्स खुंटीला लावली, समोरची खुर्ची ओढली आणि दोन शेंगा उचलून त्याही सोलू लागल्या.

"गेल्या वर्षी डोळ्यांच्या दवाखान्यात तुम्हाला फॉर्म दिला होता," त्या म्हणाल्या. "त्यात छंद असा रकाना होता. कुणी भरत नाही. तुम्ही लिहिलंत, जुनी कुलपं दुरुस्त करणे."

"विचारलं होतं म्हणून लिहिलं."

"चाळीस वर्षं कारखान्यात मालाची तपासणी केलीत. कोरा रकाना दिसला की तुमचा हात शिवशिवतो. वॉचमनच्या वहीतसुद्धा कारण लिहिता."

श्यामकांत शेंगा जरा जोरात सोलू लागले.

"बचतीचं व्याज, फरक पडो न पडो, लिहायचंच, हे या अंबरनाथमध्ये मी एकटी सांगते. ऐकणारी माणसं दोन. एक मी आणि एक तुम्ही, रोज आतल्या खोलीतून. बारा सप्टेंबरला मी पुण्यात होते, लॅपटॉप इथे होता. भाजीवाल्या मावशींचा फोन खाली होता, तो वर आला. ओटीपी त्यांनी वाचून दाखवला. पैसे त्यांनी समोरच्या खिडकीवर भरले, चलन तुम्ही काढून दिलंत. आणि मंगळवारी त्यांचा मुलगा दारात उभा राहिला, तेव्हा तुम्ही फ्रीजमध्ये तीन भाज्या असताना भाजी आणायला गेलात."

"चार," श्यामकांत म्हणाले. "मला शपथ घातली होती गं तिने."

"मला सांगू नका म्हणून?"

"कुणालाच. तिची एकच अट. मला तर तिने आधी विचारलं होतं, साहेब, हा ट्रस्ट कुठे सापडेल, पोराने दान बोललंय ते देऊन टाकते. मी समजावलं की बाई, दिलंच नाही तर दिलं म्हणणं मागे घेता येतं. कागदावर सोय आहे. तिला पटेना. दान मागे घ्यायचं म्हणजे काय. शेवटी म्हटलं, पैसे सरकारचे, सरकारला परत. ते पटलं." त्यांनी दाणे ताटात एका रांगेत लावले. "चुकलं का माझं काही? फॉर्ममध्ये?"

ताईंना हसू आलं, पण डोळे भरून आले होते. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती. हा माणूस गॅसच्या पुस्तकावर वारसाचं नाव लिहितो म्हणून त्या कितीदा चिडल्या होत्या. त्यांनी मनातल्या मनात त्या सगळ्या चिडण्याची माफी मागितली आणि तोंडाने एवढंच म्हणाल्या, "एकही चूक नाही. मला नसता जमला इतका भरलेला."

मग त्या खाली गेल्या.

मोतीबाई बिल्डिंगच्या सावलीत पाटी आवरत होत्या. साठी उलटलेली, काटक बाई. नऊवारीचा काष्टा, कानात जड बुगड्या. ताई तीन वर्षं वरून यांची भाजी खात होत्या आणि आज पहिल्यांदा समोर बसल्या. फुटपाथवरच बसल्या.

"साहेबांनी सांगितलं का?" मोतीबाईंनी विचारलं.

"फॉर्मने सांगितलं. ते बोलले नाहीत."

"चांगला मानूस हाय."

"मोतीबाई, उद्या तुमच्या कमलेशला जाब द्यायचाय. तुम्ही बोललात तर सुटेल. नाही बोललात तर मी बोलणार नाही, तुमची शपथ आहे."

मोतीबाई उरलेल्या मेथीची पानं निवडू लागल्या. "माना वाटला, तुमी कायतरी हुशारीन सोडवाल. त्याला न कलता. म्हनून धाडला." मग म्हणाल्या, "हितेस माझ्या भावाचा पोर. कमलेस माझा. दोघांना चारचौघात कसा उगडा करू?"

"मग काय करायचं?"

मोतीबाईंनी पाटी डोक्यावर घेतली आणि त्या चालू लागल्या.

शुक्रवार : उत्तर देणाराचे निवेदन

हेंद्रेपाड्याला मिलिंदच्या बाहेरच्या खोलीत बावीस माणसं मावत नव्हती. सहा जण जिन्यावर होते. मिलिंदची बायको कुंदा चहाचे कप फिरवत होती आणि कुणी घेत नव्हतं. कमलेश दाराजवळ उभा होता. बाजूला ताई. श्यामकांतांनी येण्याचा हट्ट धरला होता, ते चपलांच्या ढिगाशी.

मिलिंद दणकट, कमी बोलणारा माणूस. "बोल," तो म्हणाला. "तुझं साफ कसं?"

कमलेशने ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान खाली घातली. शब्द दिला होता.

"मला माहीत नाही," कमलेश म्हणाला.

कुणीतरी जिन्यावरून शिवी हासडली. कुणी म्हणालं, "चला, उठा रे." मिलिंद दोन पावलं पुढे आला. "एवढं तरी खरं बोल. मी तुझ्या हाताला चौदा वर्षं जपलंय."

"त्याला खरंच ठाव नाय." जिन्यावरची माणसं बाजूला झाली. मोतीबाई वर आल्या होत्या, रिकामी पाटी काखेत घेऊन. "मी केला. त्याच्या पाठी. साहेबांच्या पाया पडून."

त्यांनी सांगितलं. मिक्सर कुठल्या पैशांतून आला ते. घरात हाती लागलेली दानाची पावती. कॅम्प पाचचं कुलूप. भाजीच्या डब्यातले पैसे. त्यांचं बोलणं फार तर पाच मिनिटं चाललं. कमलेश भिंतीला टेकला होता आणि आईकडे बघत नव्हता.

मिलिंदचा आवाज खाली आला, पण राग गेला नव्हता. "मावशी, तुम्हाला सप्टेंबरातच कळलं होतं. स्वतःच्या पोराला काढलंत. आम्हाला एक शब्द सांगितला असतात तर? आमच्या घरी पोरं नाहीत?"

खोलीतल्या सगळ्यांना हेच विचारायचं होतं. ताईंनाही. त्यांच्या उलगड्यात एवढीच जागा रिकामी राहिली होती, आणि तिचा त्यांना अंदाज नव्हता.

मोतीबाईंनी गोंधळून मिलिंदकडे पाहिलं.

"तुमाला क्याला सांगू? तुमी तर दिला व्हता ना?"

"काय दिलं होतं?"

"दान."

मिलिंद एक पाऊल मागे सरला.

"माना वाटला, बावीस जनांनी दान दिला, त्यांचा बघून आमच्यान नुसता कागदावर लिवला. एकटा आमचाच खोटा निंगाला. एवढ्या चांगल्या मानसांत काम करतो आनि असा वागतो, म्हनून लाज वाटली. म्हनून कोनाला बोलले नाय."

कुंदा ट्रे घेऊन जिथे होती तिथेच थांबली. बावीस माणसांपैकी एकालाही दुसऱ्याकडे बघवेना. कुणी जमिनीकडे बघत होतं, कुणी पंख्याकडे. आयकर खात्याच्या मेसेजने त्यांना घाम फुटला होता. आत्ता जे झालं होतं, ते त्याहून खोल गेलं होतं.

शेवटी मिलिंद म्हणाला, "मावशी, आम्ही कुणीच नाही दिलं."

"कोनीच?"

"कुणीच नाही."

मोतीबाईंनी एकेकाकडे पाहिलं. सगळ्यांकडे, जिन्यावरच्यांकडेसुद्धा. मग पाटी खाली ठेवून त्या टेकल्या. "मंग माझा एकलाच नाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा इतका मोठा सुस्कारा सुटला की आधी कुंदाला हसू फुटलं, मग जिन्यावरच्या एकाला, मग खोलीभर पसरलं. चहा गार झाला होता. तरी सगळ्यांनी घेतला.

ताईंनी एकतीस तारखेचं सांगितलं. मुदत आहे, रोज चार जण आले तरी होतं. दंड वाचेल, घेतलेले पैसे मात्र परत जातील. फी विचारणाऱ्याला श्यामकांतांनी परस्पर उत्तर दिलं, "कोरा रकाना ठेवायचा नाही, एवढीच."

"हितेश पण येईल," कमलेश म्हणाला. आई आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला. "त्याचे पंधराशे पण परत करेल, सगळ्यांचे. मी आणतो त्याला. मारू नका."

मिलिंद त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. हात पुढे केला नाही, मिठी मारली नाही. "उद्या फर्स्ट शिफ्ट आहे," तो म्हणाला. "पावणेसातला गेटवर ये. तू वर थांब, व्हॉल्व्ह बघ. खाली हात मी घालतो."

पडताळणी

आठवडाभर टेबलाशी माणसं येत राहिली. कुणी मासे आणले, कुणी पापड, एकाने घरच्या कोंबडीची अंडी. फॉर्मच्या शेवटी एक वाक्य असतं, प्रत्येकाला ते मान्य करावं लागतं : वर दिलेली माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आणि पूर्ण आहे. ताई ते नेहमी घाईत सांगून मोकळ्या होत. या वेळी त्या प्रत्येकाला वाचू देत होत्या, आणि माणसं खरंच वाचत होती. ओठ हलवून.

पण ते नंतर. शुक्रवारी हेंद्रेपाड्याच्या जिन्यावरून उतरताना ताई आणि श्यामकांत मागे राहिले होते. पुढे मायलेक. कमलेशने आईची पाटी आपल्या काखेत घेतली होती, आणि दुसरा हात तिच्या कोपराखाली धरला होता. पायऱ्या उंच नव्हत्या. तरी धरला होता.

"आई."

"काय र?"

"त्या बावीस जणांना तू बघितलं पण नव्हतंस. तरी वाटलं, त्यांनी दिलं असेल. आणि मी नाही?"

मोतीबाई पुढची पायरी उतरल्या.

"त्यांना मी वलखत नाय," त्या म्हणाल्या. "तुला वलखतंय."